मोरीकडे कोण बघणार?



मी चेन्नईत मैलापूरला राहते. राज्यशास्त्रात पीएच.डी. करते आणि पोटापाण्यासाठी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, तासिकांचं मानधन तर त्याहून उशिरा येतं, पण ते गाऱ्हाणं आज नको. या भाषणासाठी मला विषय सुचवला होता तो परप्रांतातल्या विद्यार्थिजीवनाचा. कपालीश्वराचं देऊळ, पंगुनीच्या उत्सवातला रथ, फिल्टर कॉफी, मार्गळीतल्या मैफली. या सगळ्यावर बोलेन, वेळ उरला तर. आधी एक प्रश्न विचारते, आणि तो आज मी पुन्हापुन्हा विचारणार आहे.

तुमच्या प्रभागाचा नगरसेवक कोण?

नाव आठवतंय? पक्ष नको, नाव. चेहऱ्याने ओळखता का?

वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हाच प्रश्न विचारला. ही मुलं राजकारणात मुरलेली आहेत. तमिळनाडूतल्या घरात मूल बोलायला शिकतं तेच मुळी दोन पक्षांच्या नावांनी, असं इथे गमतीने म्हणतात. राज्यपाल आणि सरकार यांच्यातला वाद त्यांना तोंडपाठ, अमेरिकेतल्या निवडणुकीत कुठलं राज्य कुणीकडे झुकलं तेही ठाऊक. प्रभाग क्रमांक विचारला, तर वर्ग चिडीचूप. एका मुलाने बसथांब्याच्या छपरावर लिहिलेलं नाव सांगितलं. ते आमदाराचं निघालं. एका मुलीला मात्र नगरसेविकेचं नाव माहीत होतं, कार्यालय कुठे आहे तेही माहीत होतं. तिची मावशी सफाई कामगार. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन विभागांतली सफाई खासगी कंपनीकडे देण्याच्या विरोधात कामगार रिपन बिल्डिंगसमोर, म्हणजे इथल्या महापालिकेच्या मुख्यालयासमोर, तेरा दिवस बसले होते आणि शेवटी पोलिसांनी मध्यरात्री त्यांना उठवलं, त्या दिवसांतल्या गोष्टी ती मुलगी सांगू लागली. मी धडा बाजूला ठेवला. ज्याचं पोट महापालिकेवर, त्याला महापालिका ठाऊक असते. बाकीच्यांना ती पाणी तुंबलं की आठवते.

मला हे असं दिसतं. घराला एक दिवाणखाना असतो आणि एक मोरी असते. दिवाणखान्यात आपण बसतो, बोलतो, पडद्याचा रंग कोणता असावा यावर भांडतो. आल्यागेल्याला तीच खोली दाखवतो. मोरीत कुणी पाहुण्याला बसवत नाही. तिथे भाषण होत नाही, फोटो काढला जात नाही. पण मोरी तुंबली की दिवाणखान्यातल्या झुंबराचा काय उपयोग? वास आधी तिथेच पोचतो. आपल्या राजकारणात दिल्ली हा दिवाणखाना आहे आणि महापालिका ही मोरी. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर जी चर्चा चालते ती सगळी पडद्याच्या रंगाची. मोरीकडे कोण बघतं? घरात आई बघते. शहरात?

शहरात तर आपण आईलाच कित्येक वर्षं माहेरी पाठवून दिलं होतं! चेन्नईची महापालिका देशातली सर्वांत जुनी, १६८८ सालची. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निवडणुकीची अधिसूचना रद्द केली आणि तिथून २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत या शहरात एकही नगरसेवक नव्हता. दोनशे प्रभाग, आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हाती. यावर तुम्ही म्हणाल, बघा, कसं हे दक्षिणेतलं राजकारण. थांबा. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुणे, नाशिक, नागपूर यांचीही त्याच महिन्यात. कोल्हापूर, नवी मुंबई, औरंगाबाद यांची तर २०२० मध्येच. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे वाद, तारखेवर तारीख. मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ला. कोल्हापुरात २०२० मध्ये दहावीत असलेलं पोर नगरसेवक निवडून येईपर्यंत पदवीधर झालं असेल. राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात स्वच्छ लिहिलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे आलं, १ जून १९९३ पासून लागू आहे. लोकसभेची निवडणूक चार वर्षं लांबली असती तर आपण रस्त्यावर आलो असतो. इथे आपण रस्त्यावर आलो ते खड्डे चुकवायला.

नगरसेवक नव्हते म्हणून काय बिघडलं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. 'उलट बरं झालं, टक्केवारी तरी थांबली.' यात काय बिघडलं ते सांगते. महापालिकेचा आयुक्त अंदाजपत्रक तयार करतो, स्थायी समिती आणि सभागृह ते तपासतात, प्रश्न विचारतात, बदलतात, मंजूर करतात. प्रशासक नेमला की सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडेच जातात. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजुरी देणारा तोच. मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक चौऱ्याहत्तर हजार कोटींच्या वर होतं, आणि ते अशाच रीतीने मंजूर झालं. अधिकारी प्रामाणिक असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मोरीतलं पाणी कुठे जातं हे विचारायला घरात दुसरं माणूसच नाही, ही घराची रीत झाली का? नगरसेवक खातो, म्हणून नगरसेवकच नको म्हणायचं, म्हणजे वास येतो म्हणून मोरीला कायमची कडी घालायची. वास दाराच्या फटीतून येणारच आहे.

तेव्हा प्रश्न तोच. नगरसेवक कोण?

आता थोडं मैलापूरबद्दल, म्हणजे कार्यक्रमाच्या निर्मात्यांनाही बरं वाटेल. लझच्या चौकाजवळ एक जुनं ग्रंथालय आहे, रानडे लायब्ररी. आपल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं नाव, आणि वरच्या मजल्यावर श्रीनिवास शास्त्री सभागृह. रानडे गेल्यावर व्ही. कृष्णस्वामी अय्यर आणि मंडळींनी ते उभं केलं. पुण्याच्या माणसाच्या नावाचं ग्रंथालय मद्रासेत कशाला, असं वाटेल. पण मराठी माणसांचं मद्रासशी नातं त्याआधीचं. तंजावरच्या मराठी कुळांतले दिवाणबहादूर रघुनाथराव मैलापुरात राहत. डिसेंबर १८८४ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या अड्यारच्या अधिवेशनानंतर सतरा माणसं त्यांच्या घरी जमली आणि देशव्यापी राजकीय संघटनेचा विचार तिथे झाला, असं ॲनी बेझंट यांनी लिहून ठेवलं आहे. पुढच्याच वर्षी मुंबईत काँग्रेस भरली. १८८७ला ती मद्रासेत भरली तेव्हा स्वागताध्यक्ष होते सर टी. माधवराव, तेही तंजावरी मराठी, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले. त्याच डिसेंबरात, त्याच शहरात सामाजिक परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. त्यात रानडे आणि रघुनाथराव बरोबरीने होते.

मला स्वतःला जवळचे वाटतात ते विद्यार्थी रानडे. एल्फिन्स्टन कॉलेजात ते दक्षिणा फेलो होते. पेशवाईत श्रावणमासात वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी शिक्षणाकडे वळवली, त्या पैशातली ही नेमणूक. स्वतः शिकायचं आणि खालच्या वर्गांना शिकवायचं. म्हणजे मी जे करते तेच, फरक एवढाच की त्यांना पैसे महिन्याच्या महिन्याला मिळत असावेत! त्याच काळात ते 'इंदुप्रकाश' या पत्राची इंग्रजी बाजू सांभाळत आणि राजकारणावर लिहीत. एका निबंधात त्यांनी इंग्रजी राज्यापेक्षा मराठी राज्य बरं म्हटलं, म्हणून प्रिन्सिपल ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली, असं त्यांच्या चरित्रात आहे. शिकणाऱ्याने शिकवावं, शिकवणाऱ्याने राजकारण बघावं, हे आपल्याकडे दीडशे वर्षं जुनं आहे. 'मास्तरांनी राजकारणात पडू नये' म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

आणि त्या काळच्या माणसांच्या राजकारणात मोरीलाही जागा होती, ही माझी खरी गोष्ट. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचे हजार रुपये उधळायला भर सभेत विरोध करणारे ते एकटे. टिळक नगरपालिकेवर होते. गोखले तर अध्यक्षच झाले, आणि तेही कलकत्त्याच्या विधिमंडळात व्हाइसरॉयसमोर अंदाजपत्रकावर बोलत होते त्याच वर्षांत. देशाच्या अंदाजपत्रकावर बोलणारा माणूस पुण्याच्या गटारांचा हिशोब बघायला कमीपणा मानत नव्हता. रानडे लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर ज्यांचं नाव आहे ते श्रीनिवास शास्त्री त्याच गोखल्यांचे शिष्य. ट्रिप्लिकेनच्या शाळेतली हेडमास्तरकी सोडून भारत सेवक समाजात गेलेले. पण शास्त्रींवर सुरू झाले तर दहा मिनिटं अशीच जातील.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं. बरं, लहान माणसाचं सांगते. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या मामी. मैलापुरात वयाने मोठ्या बाईला मामीच म्हणतात. आमच्या गल्लीपासून बकिंगहॅम कालवा फार लांब नाही. त्याच कालव्यात खांब उभे करून वरून लोकल गाडी नेलेली आहे, आणि खाली पाण्याला वाट किती उरली ते पावसाळ्यात कळतं. २०१५च्या डिसेंबरातल्या पुरात या शहराचं काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल, मामींनी ते गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलं. तेव्हापासून ऑक्टोबर उजाडला, म्हणजे ईशान्येचा पाऊस जवळ आला, की मामी महापालिकेच्या १९१३ या क्रमांकावर फोन करतात. तक्रारीचा क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहितात. दोन दिवसांनी प्रभागाच्या कार्यालयात जातात आणि तो क्रमांक दाखवून विचारतात, गाळ कधी काढणार? काढलेला गाळ उचलणार कधी? तो कडेलाच ठेवलात तर पहिल्या सरीबरोबर परत आत. दिल्लीत कोण मंत्री आहे हे मामींना फारसं ठाऊक नाही. माझे विद्यार्थी त्यांना अडाणी ठरवतील. मी मामींना राज्यशास्त्राचा तास घ्यायला वर्गात बोलावणार आहे, प्राचार्यांनी परवानगी दिली तर.

इथे 'मैलापूर टाइम्स' नावाचं एक साप्ताहिक आहे, १९९४ पासूनचं. फक्त या भागापुरतं. कुठला दिवा बंद आहे, मेट्रोच्या खोदकामामुळे कुठला रस्ता वळवला, मंदिराच्या तळ्यात पाणी किती, या त्यातल्या मोठ्या बातम्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता सोमवारच्या तासाला मी तेच घेऊन जाते. आपल्या सदाशिव पेठेचं, शाहूपुरीचं, धरमपेठेचं असं पत्र... यावर खरं तर वेगळं बोलायला हवं, कारण जाहिरातीचं गणित कसं जमतं तो मुद्दा... राहू दे, स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय उठणार नाही. निवडणूक झाली म्हणजे काम संपलं असं नाही. २०२२ मध्ये चेन्नईत इतक्या वर्षांनी मतदान झालं, तर निम्मे मतदारसुद्धा बाहेर पडले नाहीत. महापौर म्हणून आर. प्रिया निवडून आल्या, अठ्ठावीस वर्षांच्या, या पदावरच्या पहिल्या दलित महिला. निम्म्या जागा स्त्रियांच्या. केवढी गोष्ट! आणि सुशिक्षित, राजकारणावर तासन्‌तास बोलणारे आमचे लोक घरी बसले. महाराष्ट्रातही आता सभागृहं भरली आहेत. आई माहेराहून आली आहे. पण तिला मोरीत एकटीला सोडून आपण पुन्हा दिवाणखान्यात पडद्यांवर बोलत बसणार असू, तर ती काय करील?

तेव्हा श्रोतेहो, फिल्टर कॉफी राहिली, रथही राहिला. तुम्ही एवढं करा. आज रात्री जेवणाच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, आपला प्रभाग क्रमांक किती आणि नगरसेवक कोण. माहीत नसेल तर उद्या शोधा. मग एकदा त्यांच्या कार्यालयात जा, तक्रार घेऊन नको, फक्त हे विचारायला की यंदा आपल्या प्रभागात नालेसफाईला किती रुपये धरले आहेत आणि काम कुणाला दिलं आहे. उत्तर कागदावर मागा. नाही मिळालं तर आठवड्याने पुन्हा जा, आणि जाताना शेजाऱ्याला बरोबर घ्या.