दुधाचा दात आणि अणुस्फोट
(केंद्र-संमेलनात दिलेले व्याख्यान)



पहिली-दुसरीतील मूल पडलेला दुधाचा दात मुठीत घेऊन आपणास दाखवावयास येते, हा आपल्या नित्य अनुभवाचा भाग आहे. तो दात छपरावर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकेतील सेंट लुईस नगरीच्या मुलांनी मात्र १९५८ च्या अखेरीपासून तो शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केला. ती हकीगत आज सांगावयाची आहे.

अणुबाँब म्हटला की १९४५ सालची हिरोशिमा व नागासाकी आठवतात. तेथील संहार जगाने पाहिला. परंतु पुढे मोठी राष्ट्रे उघड्या आकाशात जे चाचणीस्फोट करीत राहिली, त्यांचा अपाय डोळ्यांस दिसत नव्हता. स्फोटातून निघणारे स्ट्रॉन्शियम-९० वाऱ्याबरोबर दूर जाते आणि पावसाबरोबर भूमीवर उतरते. गवतातून ते गाईच्या दुधात व दुधातून बालकाच्या शरीरात शिरते. गुणधर्माने ते कॅल्शियमसारखे असल्यामुळे हाडांत व दातांत साठते आणि तेथेच किरणोत्सर्ग करीत राहते. ते निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात.

ही गोष्ट केवळ अनुमानाची राहू नये, म्हणून नागरिक, डॉक्टर व विद्यापीठे एकत्र आली. १९७० पर्यंत ३ लाखांच्या आसपास दात जमले. दात देणाऱ्या मुलास एक बिल्ला मिळे. १९६१ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्फोट जसजसे वाढले, तसतसे नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे द्रव्यही वाढलेले आढळले.

५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांनी मॉस्को येथे वातावरणातील, अंतराळातील व पाण्याखालील चाचण्यांस बंदी करणारा करार केला. तो एकट्या दातांमुळे झाला असे नव्हे; पण लोकमतास त्यांनी पुराव्याचे बळ दिले. करार अपुराही होता. भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या, आणि फ्रान्सने १९७४ पर्यंत व चीनने १९८० पर्यंत उघड्यावर स्फोट केले.

अण्वस्त्रे आणखी राष्ट्रांच्या हाती जाऊ नयेत, यासाठी १९६८ चा प्रसारबंदी करार झाला. पाच राष्ट्रांस एक नियम व इतरांस दुसरा, ही विषमता भारतास मान्य नसल्याने आपण त्यावर सही केली नाही. १९७४ व १९९८ साली आपणही चाचण्या केल्या. तथापि चाचण्या थांबवाव्यात असे आवाहन पंडित नेहरूंनी १९५४ मध्येच केले होते, हेही विसरता कामा नये. १९५७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आजही निरनिराळ्या देशांत अणुद्रव्याचा हिशेब तपासतात. नुसत्या शब्दावर विसंबू नये, मोजून पाहावे, हेच तत्त्व त्या दातांच्या मोजणीमागेही होते.

मुलांस अणुबाँबची भीती घालू नये. परंतु अज्ञानातही ठेवू नये. एका लहानशा दातानेही मोठ्यांच्या निर्णयाविषयी साक्ष दिली, एवढे त्यांना अवश्य सांगावे. आपल्या साक्षीला किंमत आहे हे ज्या मुलास कळले, ते मोठेपणी प्रश्न विचारण्यास कचरणार नाही.