बाटली पुन्हा बाटली कशी होते?

थंड पेयं विकणाऱ्या कंपनीला बाटल्यांचा कचरा कमी करायचा असेल, तर जाहिरातीत हिरवं पान छापण्याआधी तिनं लेबलाकडे बघावं.

पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात पेट (PET) या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा चुरा करून तो पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्याहून जड, ते तळाशी बसतं. झाकणं बहुधा पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिथिलीनची; ती हलकी, वर तरंगतात. निवड आपोआप होते. पण बाटलीवर पीव्हीसीचं घट्ट वेष्टन असलं की घोळ! तेही बुडतं, पेटमध्ये मिसळतं आणि वितळवताना आम्ल सोडून मालाची प्रत बिघडवतं. लेबल दिसायला झकास, पण बाटली पुढच्या वापरातून बाद. यावर पाण्यात तरंगणारं, सहज सुटणारं लेबल हा साधा उपाय आहे.

रंगाचंही तसंच. हिरव्या पेटपासून पुन्हा पारदर्शक बाटली होत नाही. त्याचे गालिचे, धागे बनतात. म्हणूनच स्प्राइटनं २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेत आपली ओळखीची हिरवी बाटली सोडली.

प्लॅस्टिकऐवजी परतीची काचेची बाटली हाही एक पर्याय, आणि तो आपल्याला नवा नाही. ही बाटली धुऊन पुन्हा भरता येते, मात्र जड असल्यामुळे कारखाना जवळ असेल तरच परवडते.

आणि रिकामी बाटली परत येणार कशी? जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवरही २५ सेंट अनामत घेतात. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की पावती मिळते आणि ती गल्ल्यावर वटते.