पेठ ज्याने उभी केली, त्याचा हक्क

(गाळेभाड्याच्या प्रश्नावर भरलेल्या दुकानदारांच्या सभेत आमच्या संपादकांनी केलेले भाषण)



सीमालढ्याच्या व्यासपीठावर भाड्याचा प्रश्न कशाला, असे काहींनी आम्हांस विचारले. त्यांस आमचे उत्तर असे की, मराठी केवळ ठरावांत आणि मोर्चांत जगत नाही. ती गणपत गल्लीत, खडेबाजारात, शहापुरात, निपाणीच्या पेठेत दुकानाच्या उंबऱ्यावर जगते. पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवी, असा कायदा कर्नाटकाने 2024 साली केला, तेव्हा आपला संताप झाला. तो रास्तच होता. परंतु ज्याच्या हातून गाळाच गेला, त्याने पाटी टांगावी कोठे?

पेठेत काय चालले आहे, हे आपणांस सांगावयास नको. किराणावाला, शिंपी, कासार, घड्याळे दुरुस्त करणारा असा वर्षानुवर्षे एका जागी बसलेला माणूस असतो. अकरा महिन्यांचा करार संपतो आणि मालक दुप्पट भाडे व नवे डिपॉझिट मागतो. द्यावे तर मिळकत संपते, न द्यावे तर शटर कायमचे ओढावे लागते. वस्तुतः त्या जागेस भाव आला कशाने? चार भिंतींनी नव्हे! उधारीची वही सांभाळून, सणासुदीस रात्री जागून ज्याने गिऱ्हाईक जोडले, त्याच्या घामाने. त्या वाढलेल्या मोलापायी त्यालाच बाहेर काढणे, याला व्यवहार म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

उद्योगी माणसास जागा सोडावयास लावल्याची किंमत बेळगावाने एकदा मोजली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली येथेच सायकलींचे दुकान थाटले, पुढे येथेच लोखंडी नांगर घडविले. तेथे तंटा भाड्याचा नव्हता. गावाच्या विस्तारासाठी नगरपालिकेने त्यांस कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आधार दिला आणि 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावच्या वाट्यास उरले ते एका रस्त्याचे नाव!

आता कायदा पाहा. बेळगाव मुंबई राज्यात होते, तेव्हा येथे 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. 1956 साली आपणांस म्हैसूर राज्यात लोटले गेले आणि 1961 साली म्हैसूरचा कायदा आला. त्याच्या जागी कर्नाटकाचा 1999 चा कायदा 31 डिसेंबर 2001 पासून अमलात आला. तो जेथे लागू आहे, तेथेही त्याचे छत्र केवळ 14 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे दीडशे चौरस फुटांच्या व्यापारी गाळ्यांनाच आहे. आणि तेही भाडे ठरावीक रकमेच्या आत असेल तरच. गाळा त्याहून मोठा असेल आणि लेखी मुदतीचा करार नसेल, तर महिनेवारी भाडेकरूस केवळ पंधरा दिवसांची नोटीस पुरते. आयुष्यभर मांडलेला संसार आवरावयास पंधरा दिवस!

निपाणीहून तासाभराच्या वाटेवर कोल्हापूर आहे. तेथे महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याने मालकास दरवर्षी चार टक्के वाढ दिली आहे. आणि दुकानाच्या आकारावर हे संरक्षण अवलंबून नाही. लीव्ह अँड लायसन्सची पळवाट तेथेही आहे, हे आम्ही लपवीत नाही. तरीही मालकास काही आणि भाडेकरूस काही, हे तत्त्व तेथे मान्य आहे.

आम्ही मालकांचे वैरी नाही. त्यांतले अनेक आपल्याच गल्लीतले, आपल्याच मोर्चांत चालणारे आहेत. मुंबई कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर खिळवून ठेवली, हा मालकांवर अन्यायच होता. सर्वोच्च न्यायालयानेही 1997 साली ती तरतूद काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्याचे म्हटले. परंतु आगीतून उठून फुफाट्यात पडणे हा त्यावर उपाय नव्हे. रास्त वाढ अवश्य घ्या. मनमानी वाढ मागू नका.

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली, 14 चौरस मीटरची अट काढून छोट्या दुकानदारांस सरसकट संरक्षण द्यावे. दुसरी, वार्षिक वाढीस टक्क्यांची मर्यादा घालावी. तिसरी, भाडे नियमित भरणाऱ्यास जागा सोडण्यास किमान एक वर्षाची मुदत मिळावी. या मागण्या मराठी दुकानदाराइतक्याच शेजारच्या कन्नड दुकानदाराच्याही आहेत. त्याला सोबत घ्या.

आणि दुकानदार बंधूंनो, थोडे आपल्याविषयी. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर अकरा महिन्यांच्या कागदावर विसंबू नका. पाच-सात वर्षांचा, वाढीचा दर लिहिलेला करार रीतसर नोंदवून घ्या. नोंदणीचा खर्च जड वाटेल; गाळा जाण्याहून तो हलकाच आहे. भाड्याची पावती घ्या, ती जपून ठेवा. मुख्य म्हणजे, शेजाऱ्याच्या गाळ्यावर चढी बोली लावू नका. मालकाचा हात बळकट होतो तो आपल्याच चढाओढीने. आज शेजाऱ्याला उठवून तुम्ही बसाल, उद्या तिसरा तुम्हांस उठवील!

बेंगळूरच्या सरकारकडे या मागण्या केल्याने आमची मूळ मागणी तसूभरही सैल होत नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल, त्या दिवशी पेढे वाटावयास पेठेत आपले दुकान तरी हवे! ते राखण्यासाठी एक व्हा.

जय महाराष्ट्र!