राखणीचा कुत्रा



मी सातवी शिकलेली गृहिणी. अनुभवाचे चार शब्द सांगते. घरफोडीची कुणकुण लागली की खोपटात "कुत्रा आणा" असा धोशा सुरू होतो. आमच्याकडेही झाला. घरच्यांना दांडगा, पाहताच चोर पळेल असा कुत्रा हवा होता. मी म्हटले, "चोर वर्षातून एकदा येईल न येईल, आपली धाकटी मात्र दिवसभर त्याचे शेपूट ओढणार. तिचे काय?"

मुधोळचा कुत्रा मोठा नावाजलेला. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली. २००५ साली तो टपालतिकिटावरही झळकला. पण जात शिकारी, त्याला धावायला मोकळे रान हवे. दोन खोल्यांत कोंडला तर बिचारा चिडेल नाही तर काय!

राखणीला भुंकणे पुरते. ते काम गावठी कुत्रा चोख करतो, आणि आपली हवा त्याला मानवते. आम्ही तेच पिल्लू आणले.

दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी, पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नये. ते जेवताना, झोपताना मुलांनी छेडू नये. तान्हे मूल त्याच्यापाशी एकटे ठेवू नये. चावलेच तर हळद-चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुवा आणि तडक दवाखाना गाठा. रेबीज एकदा झाला की माणूस हाती लागत नाही. वेळीच घेतलेली लस मात्र वाचवते.

तेव्हा भगिनींनो, कुत्र्याची जात पाहण्याआधी आपले घर पाहा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.