अमेरिकन राज्यघटनेची जडणघडण



राज्यघटना हा विषय शिकविताना बहुधा कलमांची व अधिकारांची यादी मुलांपुढे येते. कलमे पाठ होतात. परंतु ती कोणत्या अडचणीतून निर्माण झाली हे उमगत नाही. अडचणीत सापडलेली माणसे एकत्र बसतात, वाद घालतात, तडजोड करतात आणि त्यातून घटना आकार घेते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची घटना हे याचे ठळक उदाहरण होय.

१७७६ साली तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजसत्तेचे जोखड झुगारून दिले. दूरच्या सत्तेचा जाच सोसलेल्या या लोकांना कोणतीही मध्यवर्ती सत्ता बलिष्ठ होऊ द्यावयाची नव्हती. त्यांनी आपसांत जो करारनामा केला व जो १७८१ मध्ये अमलात आला, त्यात ही धास्ती स्पष्ट दिसते. काँग्रेस नावाची एक सभा होती. तीत लहानमोठ्या प्रत्येक संस्थानाला एकच मत होते. कार्यकारी प्रमुख नव्हता, राष्ट्रीय न्यायालये नव्हती आणि कर बसविण्याचा अधिकारही नव्हता. संस्थानांकडे पैसे मागावेत. त्यांनी दिले तर दिले. करारात दुरुस्ती करावयाची तर तेराही संस्थानांची संमती लागे. आयात मालावर शेकडा ५ जकात बसविण्याची योजना निघाली, तेव्हा १७८२ मध्ये ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानाने नकार दिला आणि ती योजना बारगळली.

याचे परिणाम लवकरच दिसले. सैनिकांचे पगार थकले, युद्धाचे कर्ज फिटेना. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जाने व करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी, जप्तीचे हुकूम निघू नयेत म्हणून, न्यायालयांचे कामकाज बंद पाडले. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला माजी सैनिक होता. हे बंड शमविण्याचे साधन मध्यवर्ती सत्तेपाशी नव्हते आणि शेतकऱ्यांचे दुःख निवारण्याचेही नव्हते. जुलमाच्या भीतीने दुबळी ठेवलेली सत्ता लोकांच्या कामी येत नाही, हे अनेकांना कळून चुकले.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी पाठविले नाहीत. उरलेल्या बारा संस्थानांतून एकूण ५५ गृहस्थ कमीअधिक काळ उपस्थित राहिले. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी होते. ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन हे सभासदांत सर्वांत वयोवृद्ध होते. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन दररोज बसून टिपणे घेत. त्यांच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये ती प्रसिद्ध झाली, म्हणूनच त्या बंद दारांआडची चर्चा जगाला कळली. परिषदेला जुन्या करारात दुरुस्त्या सुचविण्यापुरताच अधिकार होता. तिने नवी घटनाच लिहावयास घेतली.

पहिला मोठा तंटा लहान व मोठ्या संस्थानांचा. १७९० च्या शिरगणतीत व्हर्जिनियाची वस्ती सुमारे साडेसात लक्ष, तर डेलावेअरची अवघी ५९ हजार भरली. मोठी संस्थाने म्हणत, लोकसंख्येप्रमाणे मते असावीत. लहानांना वाटे, मग आमचे अस्तित्वच उरणार नाही. आठवडेच्या आठवडे वाद चालून परिषद मोडण्याच्या बेतास आली. अखेर कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी पुढे केलेली तोड १६ जुलै रोजी स्वीकारली गेली : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये प्रत्येक संस्थानास सारखी मते, आणि दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून कायदा नाही.

दुसरा प्रश्न सत्ता बलवान करूनही तिला आवर कसा घालावा, हा होता. त्यांनी कायदे करणे, ते अमलात आणणे व न्याय देणे ही कामे तीन हातांत दिली आणि प्रत्येकाला दुसऱ्यावर थोडा अंकुश दिला. राष्ट्राध्यक्षास विधेयक परत पाठविता येते. पण दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केल्यास त्याचा नकार चालत नाही. न्यायाधीशांची निवड राष्ट्राध्यक्ष करतो; परंतु सिनेटची संमती लागते. सदाचरण असेतो न्यायाधीशास पदावरून दूर करता येत नाही. खुद्द राष्ट्राध्यक्षावरही प्रतिनिधिगृह दोषारोप ठेवू शकते व सिनेट त्याची चौकशी करते. अधिकारी माणूस सज्जन असेलच असे गृहीत न धरता ही रचना केलेली आहे.

परंतु याच परिषदेत एक घोर अन्याय पदरात घेतला गेला. १७९० मध्ये देशातील सुमारे ३९ लक्ष लोकांपैकी जवळजवळ ७ लक्ष गुलाम होते. दक्षिणेकडील संस्थानांना प्रतिनिधींची संख्या ठरविताना त्यांची गणना हवी होती. त्यांना मत मात्र द्यावयाचे नव्हते. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब ठरला, आणि बाहेरून गुलाम आणण्यास १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही असेही कलम आले. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही घातला नाही. लिहिणाऱ्यांना आपण काय करीत आहोत याची जाणीव होती, हेच त्यावरून दिसते. ‘आम्ही लोक’ या शब्दांनी आरंभ होणाऱ्या लेखातून लक्षावधी लोक असे वगळले गेले. या तडजोडीची किंमत पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मोजावी लागली.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. उपस्थितांपैकी तिघांनी नकार दिला. त्यांतील जॉर्ज मेसन यांचा एक आक्षेप असा की, नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही. नऊ संस्थानांची मान्यता आवश्यक होती, आणि ती लोकांनी याच कामासाठी निवडलेल्या परिषदांकडून घ्यावयाची होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा निसटत्या मतांनी घटना तरली. जून १७८८ मध्ये न्यू हँपशायरने नववी मान्यता दिली. विरोधकांच्या आक्षेपाचाही मान राखला गेला : हक्कांच्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये घटनेचा भाग झाल्या. हरलेल्या पक्षाच्या युक्तिवादातूनही घटनेला बळकटी येते, हा धडा विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा.

दुरुस्तीचा मार्ग उघडा ठेवल्यामुळेच १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेनेच नष्ट केली आणि १९२० मध्ये स्त्रियांचा मताधिकार घटनेत नोंदला गेला. त्या गुलामगिरीच्या नाशाचे मोल महाराष्ट्रातही जाणले गेले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील त्या कार्यात झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. पुढे भारताच्या घटनेची उद्देशिकाही ‘आम्ही भारताचे लोक’ अशीच सुरू झाली. येथे मात्र प्रौढ मताधिकार आरंभापासूनच सर्वांना मिळाला.

वर्गात हा पाठ घेताना मुलांचे काही लहान व काही मोठे गट करावेत. प्रत्येक गट म्हणजे एक गाव. या गावांनी मिळून एक बंधारा बांधावयाचा आहे; मते गावागणिक मोजावीत की माणसांगणिक, हे त्यांनीच ठरवावे. एखादा गट वगळला जात आहे काय, याकडेही मुलांचे लक्ष वेधावे. अर्ध्या तासाच्या त्या वादातून फिलाडेल्फियाचा उन्हाळा मुलांना जितका समजेल, तितका कलमांच्या पाठांतराने समजणार नाही. आणि उद्या नागरिक म्हणून सभेत बसताना, आपले म्हणणे मांडून दुसऱ्याचेही ऐकून घेण्याची सवय त्यांच्या अंगी बाणलेली असेल.