वाकलेली कंबर सरळ व्हावी म्हणून

(हिंगोली येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



पाळकसाहेबांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "कंबरदुखी" म्हणाले. त्यांना वाटलं, मी माझी अडचण सांगते आहे. त्यांनी लगेच खुर्ची पुढे केली! पण आज मला खरोखरच कंबरेविषयी बोलायचं आहे. वाड्यांवर आपण मुलांची शाळा, पोषण, जातीचे दाखले अशी कामं करतो. तरी घरात शिरलं की बायका आधी यातलं काही सांगत नाहीत. कंबरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "ताई, हे बघा जरा."

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अशीच एक बाई भेटते. अठरा वर्षं ती वाकलेली होती, तिला सरळ उभं राहताच येत नव्हतं. तिने काही मागितल्याचं तिथे लिहिलेलं नाही. प्रभूनेच तिला पाहिलं, जवळ बोलावलं, तिच्यावर हात ठेवले. सभास्थानाचा अधिकारी रागावला, कारण तो शब्बाथ होता. तेव्हा प्रभूने त्यांना त्यांच्याच गोठ्याची आठवण करून दिली. बैलाला तुम्ही शब्बाथ दिवशीही सोडून पाण्यावर नेता, मग या लेकीला का सोडवू नये?

तो बैल आपल्या ओळखीचा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे हळद-तूप लावून चोळतात. चांगली रीत आहे. पण ती हळद जिने वाकून वाकून वेचली, तिच्या कंबरेची विचारपूस कोण करतं?

आपल्या कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव भागातल्या आंध समाजाच्या बहिणींचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात उकिडवं बसून खुरपणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास विळा घेऊन सोयाबीनची सोंगणी. मग पोटाला ओटी बांधून कापूस वेचायचा. थंडी सरता सरता हळदीची काढणी, गड्डे मोडणं, शिजवलेली हळद वाळत घालणं. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान वाटला. त्या मानात या कंबरांचाही वाटा आहे.

आणि काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती बहुधा लग्नात, आजारपणात खर्च झालेली असते. बुडातून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. कंबर धरली म्हणून दोन दिवस पालावर बसलं तर तेवढी उचल अंगावर राहते. म्हणजे घर सोडण्याआधीच कंबर गहाण पडलेली असते.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी आपण दिलेल्या देणगीतून मी कंबरेचे पट्टे आणले आणि वाटले. फोटोही काढले. सोबत सल्ला दिला, "मावशी, पंधरा दिवस आराम करा." महिन्याने गेले तर एका मावशींचा पट्टा खुंटीला टांगलेला. मी जरा नाराजीनेच विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, पट्टा बांधला की वाकता येत न्हाई. अन् वाकलं न्हाई तर रोज कोन देईल?"

त्या दिवशी मी गप्प परत आले. ज्या घरात आज कामावर गेलं तरच संध्याकाळी भाजीत तेल पडतं, त्या घराला मी पंधरा दिवसांचा आराम सांगितला होता. तो सल्ला मी माझ्या पगारावर बसून दिला होता.

मग ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट भगिनीकडे गेले. तिच्याकडून कळलं की माझा सल्ला गरिबीत न बसणारा होता, आणि वैद्यकातही चुकीचा होता. बहुतेक कंबरदुखीत हाड मोडलेलं नसतं की मणका सरकलेला नसतो. स्नायू आणि सांधे थकलेले, आखडलेले असतात. अशा दुखण्यात अंथरूण धरलं तर बरं व्हायला उलट उशीर लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. त्याच संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांवर भर आहे. आणि सरसकट देऊ नये अशा गोष्टींत कंबरेचे पट्टेही आहेत! मी वाटले तेच.

मी वाडीवर व्यायामाचं बोलले तेव्हा सगळ्या हसल्या. "दिवसभर राबतो, अन् वरून व्यायाम?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं आहे. कणा म्हणजे मांडवाचा खांब. त्याला चारी बाजूंनी दोर लागतात: पुढे पोटाचे स्नायू, मागे पाठीचे, बाजूला कुशीचे, खाली बसकणीचे. आपलं काम दिवसभर एकाच बाजूला ओढतं, पुढे. हजार वेळा पुढे वाकायचं आणि मागे एकदाही नाही. व्यायाम म्हणजे आणखी एक काम नव्हे. कामाने जे दोर ढिले राहिले ते ताणणं आणि जे अति ताणले ते सैल करणं, एवढंच.

पहिला व्यायाम आत्ताच करू. ज्यांना जमेल त्यांनी उभं राहा. पाय खांद्यांइतके फाकवा. दोन्ही तळहात कंबरेवर मागून ठेवा, बोटं खाली. गुडघे सरळ ठेवून हळूच मागे झुका, दोन श्वास थांबा, परत या. असं पाच वेळा. बसा. हा शेतातला व्यायाम आहे. ओळ संपली, बांधावर आलं की पाच वेळा मागे झुकायचं. अंथरूण लागत नाही, की कोणाच्या नजरेचा संकोच नाही.

मागे झुकण्याची एक गोष्ट सांगितली जाते. 1956 साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण आला होता. चुकून तो डोक्याकडून उचललेल्या खाटेवर पालथा झोपला. मॅकेन्झी आत आले आणि घाबरले, कारण पाठ मागे वाकणं तेव्हा वाईट समजत. पण रुग्ण म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यातून उपचाराची एक पद्धतच उभी राहिली.

बाकीचे चार व्यायाम घरी, गोधडीवर करायचे. साडीचा काष्टा घातला की अडचण होत नाही.

एक: उताणं झोपा, गुडघे दुमडा, तळवे जमिनीवर. कंबरेखाली जी पोकळी राहते ती पोट आत घेऊन जमिनीला टेकवा. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. श्वास कोंडायचा नाही.

दोन: तसंच झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढा, दहा आकडे मोजा. मग दुसरा. तीन-तीन वेळा.

तीन: पूल. त्याच स्थितीत बसकण वर उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतार झाला पाहिजे. पाच आकडे थांबा, हळू खाली या. पाच वेळांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा. खाली येताना धपकन पडू नका.

चार: रांगत्या बाळासारखं हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा, पाठ पाटासारखी सपाट. पाच आकडे थांबा, मग बाजू बदला. सुरुवातीला हात-पाय दोन्ही जमत नसतील तर नुसता पाय. पाठीवर पाण्याची कळशी आहे आणि ती सांडू द्यायची नाही, असं सांगितलं की बायकांना लगेच कळतं.

सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, आणि रोज. एका दिवसात पन्नास वेळा करून उपयोग नाही. फरक कळायला काही आठवडे लागतात. एक खूण लक्षात ठेवा. व्यायामाने पायातली कळ वर कंबरेकडे सरकली तर बरं लक्षण, पण कळ कंबरेतून खाली पायात उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा. कंबर नुकतीच धरली असेल तर दोन-तीन दिवस फक्त सोसेल तेवढं चाला-फिरा, मग हळूहळू सुरू करा.

ओझ्याचेही दोन नियम आहेत. वजन उचलताना गुडघ्यांत वाका आणि ओझं पोटाशी धरा. ओझं हातात असताना कंबर पिळू नका, पावलं वळवा. जड मोळी डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात मागा.

आता गोळ्या आणि इंजेक्शनं. बाजारच्या दिवशी सुई टोचून घ्यायची, दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज खायची, हे सर्रास चालतं. पॉल ब्रँड या डॉक्टरांचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. मिशनरी आईबापांच्या पोटी ते तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मले, पुढे वेल्लोरला कुष्ठरुग्णांमध्ये राबले. रुग्णांची बोटं का झिजतात याचा त्यांनी शोध घेतला. त्यांना वेदनाच कळत नाही, म्हणून इजा होत राहते, हे त्यांनी दाखवून दिलं. वेदना ही देवाने ठेवलेली राखणदार आहे, असं मी त्यातून शिकले. कधीमधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी लागते, त्यात पाप नाही. पण राखणदाराला रोज गुंगी देऊन आपण त्याच ओझ्याखाली जातो, आणि वर पोट व मूत्रपिंड बिघडवून घेतो.

राखणदार मोठ्याने ओरडतो तेव्हा मात्र व्यायाम करत बसू नका. लघवी तुंबली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन आणि रात्रीही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं आणि गरोदरपणातलं दुखणंही डॉक्टरांनाच दाखवा. आमच्याकडे व्यायामाला आलेल्या एका बहिणीला मी फक्त "ताप येतो का?" असं विचारलं, आणि ती हो म्हणाली. तिला क्षयच निघाला. आज ती औषधावर आहे आणि सुधारते आहे. पट्टा वाटताना मी हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता.

त्या खुंटीवाल्या मावशींचं काय झालं? चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. कंबर अजून दुखते, पण पूर्वीइतकी नाही. रोजच्या गोळीची गरज आता पडत नाही. शेतात ओळ संपली की त्या बांधावर उभ्या राहून मागे झुकतात. पहिल्यांदा बाकीच्या हसल्या, आता सगळ्याच झुकतात. दुपारी अंगणवाडीत सातजणी जमतात, पुरुषांनी तेवढा वेळ तिकडे यायचं नाही असं त्यांनीच ठरवलं आहे. सासवा आधी कुरकुरल्या. त्यांतल्या दोघी आता स्वतःच गोधडी घेऊन येतात.

हितचिंतकांनो, आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पट्ट्यांसाठी पैसे पाठवू नका, त्याऐवजी फिजिओथेरपिस्टच्या महिन्यातून एका फेरीचा प्रवासखर्च उचला. महिला मंडळाच्या बहिणींनी हे पाच व्यायाम आज शिकून घ्यावेत आणि एकेका वाडीवर शिकवायला यावं. तिसरी विनंती पैशाची नाही. तुमच्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या, तुमच्या शेतात वेचणी करणाऱ्या बाईला मध्येच कंबर सरळ करायला दोन मिनिटं द्या, आणि त्या दोन मिनिटांसाठी तिला बोल लावू नका.

प्रभूने आधी त्या बाईला पाहिलं, मग बरं केलं. बरं करणं त्याच्या हाती आहे. पाहणं आपल्यालाही जमेल.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.