खाडीकाठचे उद्योग

श्रोतेहो, घरातील मंडळी ज्यांना 'रिकामटेकडे उद्योग' म्हणतात, अशा काही उद्योगांविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. रविवारी पहाटे उठून खांद्याला पिशवी अडकवावी, तीत एक चाकू, दहा हात दोर, काचेची एक नळी आणि खिशात पंचांग घालून बाहेर पडावे, आणि दुपारी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परत यावे, अशा माणसाबद्दल शेजाऱ्यांचे मत फारसे अनुकूल नसते. परंतु त्या पिशवीतील प्रत्येक जिनसेला काही कारण असते, आणि ते कारण कळले म्हणजे निदान कुतूहल तरी वाटू लागते.

माझे हे उद्योग ज्या भागात चालतात तो भाग आपल्यापैकी पुष्कळांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेला असेल. भाईंदर स्टेशनावर पूर्वेच्या बाजूस उतरले म्हणजे थोड्याच अंतरावर गोडदेव हे जुने गाव लागते. त्याच्या शेजारी नवघर आणि खारी. एका गावाचे नाव गोड आणि शेजारच्याचे खारे, हा योग मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे. उत्तरेस वसईची खाडी; उल्हास नदीचे पाणी हिच्याच वाटेने समुद्रास मिळते. 1985 साली येथील ग्रामपंचायती मिळून नगर परिषद झाली, 2002 साली महानगरपालिका झाली, आणि भातशेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही इमारतींची रांग संपते तेथून तिवरांची दाटी, खाजणे, मिठागरांचे बांध आणि चिखल हे जुने जग अद्याप सुरू होते. या जगात शिरावयाचे तर त्याचे वेळापत्रक आधी ठाऊक असले पाहिजे, आणि ते वेळापत्रक चंद्राच्या हाती आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तोंडी हिशेबाने सांगतात. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावयाची. जो आकडा येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असली तर चारांची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमी असली तर सहा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, हे या पाऊणपटीचे मर्म होय. खाडीच्या आत जावे तसतसे पाणी पोहोचावयास अधिक वेळ लागतो, तेव्हा हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. छापील कोष्टक मिळत असेल तर तेच प्रमाण मानावे. परंतु कोष्टक घरी राहिले आणि आपण बांधावर उभे आहोत, अशा वेळी ही पाऊणपट कामास येते.

आता एक गोष्ट मी जरा आवर्जून सांगतो, कारण तिच्यावाचून पुढील सर्व हौस जीवावर बेतणारी आहे. पाणी सहा तासांत चढते खरे, पण सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असे साधारण मान पडते. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मी भरती येऊन जाते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते, आणि मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या पातळीपासून भरतीच्या पातळीपर्यंतचे अंतर चार मीटरांहून अधिक भरते. याचा निम्मा म्हणजे दोन मीटर. पहिला तास पाणी आळशासारखे वागते, म्हणून निर्धास्तपणे निवट्यांच्या उड्या पाहत बसलेला मनुष्य दोन तासांनी आपल्या उंचीहून अधिक पाण्यात असू शकतो. आणि पाणी समोरूनच येईल असेही नाही, ते मागच्या ओघळांतून आधी शिरते आणि परतीची वाट बंद करते. म्हणून नवख्याने अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, आणि ओहोटी चालू असतानाच खाली उतरावे; पाणी वळले की मुकाट्याने बांधावर यावे.

चिखलाचेही शास्त्र आहे. पाय रुतला म्हणजे मनुष्य स्वाभाविकपणे दुसऱ्या पायावर जोर देऊन तो उपटू पाहतो, आणि परिणामी दोन्ही पाय रुततात. त्याऐवजी मागे रेलून खाली बसावे, शरीराचा भार होईल तितक्या विस्तृत जागेवर टाकावा, आणि रुतलेला पाय हळूहळू हलवीत त्याच्याभोवती पाणी शिरू द्यावे; मग तो सुटतो. हाती लांब बांबू असल्यास तो आडवा टाकून त्यावर भार द्यावा. बांबू घरून न्यावा. तिवराची किंवा कांदळाची फांदी तोडण्याचा मोह होतो, पण कांदळवने तोडणे हा आता गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली याविषयी अगदी कडक निर्णय दिलेला आहे. निर्णय नसता तरी, जी झाडे खाडीचा काठ धरून ठेवतात त्यांच्यावर काठीसाठी कोयता चालविणे मला शोभणारे वाटले नसते.

दोराविषयी दोन शब्द. आपल्या भाषेत निरगाठ आणि सुरगाठ असा स्वच्छ भेद आहे. एक सुटत नाही, दुसरी ओढताच सुटते. खाडीवर मात्र तिसऱ्या प्रकारची गाठ लागते: जिचा फास आवळत नाही, भार पडला तरी सरकत नाही, आणि काम झाल्यावर भिजलेला दोरही सहज सुटतो. रेडिओवरून गाठ शिकविणे म्हणजे पत्राने पोहणे शिकविण्यासारखेच आहे, तरी प्रयत्न करतो. दोराच्या टोकापासून हातभर अंतरावर एक लहान वेढा करा. मोकळे टोक त्या वेढ्यातून खालून वर काढा, मूळ दोराच्या मागून वळसा घाला, आणि त्याच वेढ्यातून पुन्हा खाली उतरवा. मग आवळा. रुतलेल्या माणसाकडे दोर टाकावयाचा तो याच फासाचा. साध्या फासाने त्याच्या बरगड्याच आवळल्या जातील. ही गाठ खुर्चीच्या पायाशी डोळे मिटून दहा वेळा बांधता आली म्हणजे ती आली असे समजावे.

आता पिशवीतील काचेच्या नळीकडे वळतो. हा माझा सर्वांत आवडता उद्योग. मिठागरात काय चालते हे दुरून कळत नाही. नुसती पाण्याची चौकोने दिसतात. उधाणाचे पाणी उघाडीतून आत घेतात, ते एका मोठ्या कप्प्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असे पुढे नेतात, आणि ऊन व वारा त्यातील पाणी उडवीत जातात. समुद्राच्या पाण्यात शंभर भागांत सुमारे साडेतीन भाग क्षार असतात. मीठ धरावयास लागेपर्यंत ते पाणी आटून मूळच्या सुमारे एकदशांशावर येते. पण मीठ धरू लागले म्हणून सर्वच पाणी आटवून चालत नाही. शेवटी उरणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. ते मिठात उतरले तर मीठ कडवट होते आणि पावसाळ्यात पाझरते. तेव्हा पाणी कप्प्यात कधी घ्यावे आणि उरलेले कधी सोडून द्यावे, यात सारे कौशल्य आहे. रसायनशाळेत यासाठी बोमे अंशांचे मापक वापरतात: समुद्राचे पाणी साडेतीन अंशांच्या आसपास, मीठ धरते पंचवीस अंशांवर, आणि तिशीच्या जवळ आले की पाणी सोडून द्यावयाचे.

हे मापक घरी होते. बोटभर जाडीची, फूटभर लांबीची, एक तोंड बंद असलेली काचेची नळी घ्या. ती सर्वत्र सारख्याच जाडीची हवी. आत इंचांच्या खुणा केलेली कागदाची पट्टी सरकवा आणि तळाशी शिशाचे छर्रे टाका. उंच भांड्यात गोडे पाणी भरून नळी त्यात उभी सोडा, आणि ती बरोबर दहा इंच बुडेपर्यंत छर्रे वाढवा. ते हलू नयेत म्हणून वरून वितळलेले मेण ओतावयाचे असते, आणि मेणालाही वजन असते, म्हणून छर्रे किंचित कमीच ठेवा. तोंडाला बूच बसवा. झाले मापक. पाणी जितके जड, तितकी नळी कमी बुडते. गोड्या पाण्यात दहा इंच बुडणारी ही नळी समुद्राच्या पाण्यात पावणेदहा इंच बुडते, आणि मीठ धरण्याच्या बेतात आलेल्या पाण्यात सव्वाआठ. मुलांना हे दाखवावयाचे असेल तर घरीच पाण्यात मीठ विरघळवीत जावे आणि नळी कशी वर वर येते ते पाहू द्यावे. पावसाळ्यात उल्हासचे पाणी खाडीत लोटते, तेव्हा खाडीच्या पाण्यातही नळी दहाच्या खुणेकडे झुकते. ऋतूचा असा फरक एका पट्टीवर वाचता येतो याचा आनंद, नळी बाजारातून आणली असती तर, मला खात्रीने झाला नसता.

ही नळी घेऊन मी एकदा बांधावर बसलो असता मिठागरावर जन्म घालविलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी पाहिले. मग म्हणाले, "मास्तर, नली कशाला पायजे? पान्याचा रंग बगा." पाणी फार खारट झाले की त्यात विशिष्ट सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यावर गुलाबी छटा येते, ती छटा त्यांना शंभर पावलांवरून दिसत होती, आणि मला नळीने सव्वाआठ सांगितल्यावर दिसली. त्यांनी कोणत्या कप्प्याला किती दिवस लागतील तेही सांगितले. मी ते वहीत टिपून घेतले. मिठागरे आता आटत चालली आहेत, त्यांवर बांधकामाच्या योजनांची नजर आहे. आणि हे ज्ञान कोणत्याही कचेरीच्या दप्तरात नोंदलेले नाही. बांध मोडला तर पुन्हा घालता येतो. रंग ओळखणारा डोळा तयार व्हावयास मात्र चाळीस उन्हाळे लागतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा ओळखीत असा वृद्ध मनुष्य असेल त्यांनी वही घेऊन त्याच्याजवळ बसावे, अशी माझी विनंती आहे.

पाऊस सुरू झाला की खाडी बंद, आणि उद्योग गच्चीवर जातो. गोडदेवाचा अक्षांश उत्तर 19 अंश 18 कला. दहा इंच पाया आणि साडेतीन इंच उंची असा काटकोन त्रिकोण पत्र्याचा कापला तर त्याची तिरपी कड नेमकी याच कोनाची होते. हा त्रिकोण सपाट फळीवर उभा करा, आणि तिरकी कड रात्री ध्रुवाकडे रोखून फळी पक्की बसवा. मध्यान्हरेषेपासून दोन्ही बाजूंस 5, 11, 18, 30, 51 आणि 90 अंशांवर रेषा काढल्या की एकापासून सहापर्यंतचे तास मिळतात. मग उघडीप मिळताच सावली पाहा: ती मनगटावरील घड्याळाशी जुळणार नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. आपण त्याच्या पुष्कळ पश्चिमेस, म्हणून येथील मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 39 मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्यास ती 12.53 पर्यंत लांबते आणि नोव्हेंबरच्या आरंभी 12.22 वर येते. 1906 साली प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईने आपला 'मुंबई टाइम' कितीतरी वर्षे सोडला नव्हता. तो प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असे. गच्चीवरील ही पत्र्याची कड अजून साधारण तीच वेळ दाखविते. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. मुंबईत जन्म काढलेल्या किती जणांनी ती पाहिली असेल?

अशा उद्योगांना आपल्याकडे परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत 1867 साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे पुढे मुद्रणाचे खिळे पाडणाऱ्या यंत्रामुळे परदेशांत नावाजले. पण त्यापूर्वी याच शहरात त्यांनी विज्ञानाच्या हौशी लोकांचे मंडळ काढले होते आणि कलाकौशल्याची माहिती मराठीतून देणारे मासिक चालविले होते. फार लांब जावयाचे नाही म्हणून आपली नळी आणि पत्रा बरा.

हिवाळ्यात बाहेर पडणाऱ्यांसाठी शेवटची एक सूचना. पक्षी पाहावयास लोक ओहोटीला जातात, आणि ते चिखलावर दूरवर पांगलेले पाहून निराश होऊन परततात. पाऊणपटीच्या हिशेबाने पूर्ण भरतीची वेळ काढावी, त्यापूर्वी तासभर मिठागराच्या बांधाआड जाऊन बसावे, आणि हालचाल करू नये. चिखल पाण्याखाली गेला की तुतवार, शेकाट्या आणि त्यांचे सोबती टेकावयास उथळ व कोरडी जागा शोधीत थव्याथव्याने मिठागरांवर उतरतात, आणि पाणी पुन्हा वळेपर्यंत एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. बांध ज्या वर्षी बुजतील त्या वर्षीही भरती येईलच. थवे तेव्हा कोठे उतरतील, हे मला त्या बांधाआड बसलो असताना दर खेपेस आठवते. दुर्बीण नसली तरी चालेल. पंचांग मात्र विसरू नका, आणि दोर.